कराटेचा क्लास लावताय? पहिल्या वर्षात काय काय होतं ते सांगते

पायवाट | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी.

मागच्या वर्षी जूनमध्ये मुलाला कराटेच्या क्लासला घातलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. डोंबिवलीत घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहा ते सव्वासात असा क्लास असतो. पहिला महिना मी दारातल्या पायरीवर बसून बघायचे. एक दिवस सर म्हणाले, "ताई, रोज सव्वा तास बसूनच असता. त्यापेक्षा शेवटच्या रांगेत उभ्या राहा की." मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, कॉलेज सुटल्यापासून व्यायाम असा केलेला नव्हता. उभी राहिले. आज आम्हा दोघांच्याही कमरेला ऑरेंज बेल्ट आहे.

धागा काढायचं कारण असं, की यंदाच्या जूनमध्ये सोसायटीतली आणखी पाच मुलं क्लासला आली आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या तिघांनी सोडलं. तिन्ही घरांतून एकच तक्रार: "चार महिने झाले, नुसतं उभं करतात आणि एकच ठोसा मारायला लावतात. कराटे कधी शिकवणार?" मला फार वाईट वाटलं. चाललं होतं ते कराटेच होतं, पण ते कराटे आहे हे त्या आईवडिलांना आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तर पहिल्या दिवसापासून सुरुवात करते. आमचा क्लास शोतोकान पद्धतीचा आहे, त्यामुळे नावं त्यातली येतील. गोजू-र्‍यू किंवा शितो-र्‍यू शिकणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

दाराशी चपला काढायच्या, ओळीत, टोकं बाहेरच्या दिशेला. आत पाऊल टाकण्याआधी कमरेतून वाकून नमस्कार करायचा, त्याला रेई म्हणतात. मग बेल्टप्रमाणे रांगा लागतात. सगळ्यात सीनियर उजव्या टोकाला आणि नवी मंडळी डावीकडे शेवटी. सगळे सेइझामध्ये बसतात, म्हणजे आपलं वज्रासनच. "मोकुसो" म्हटलं की डोळे मिटायचे. शहाबादी फरशीवर पावलांच्या वरच्या बाजूला ती हाडं टोचतात, दोन मिनिटांत मुंग्या येतात. महिनाभराने हे बसणं अंगवळणी पडतं.

नंतर वीस मिनिटं अंग मोकळं करणं आणि मग किहोन, म्हणजे मूळ हालचाली. मोजणी जपानीत: इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, जू. आमच्याकडे दहा आकडे एकाने मोजायचे, मग पुढच्याने. शाळेत फळ्यासमोर तोंड न उघडणारी मुलंही इथे आपली पाळी आली की हॉल दणाणून सोडतात, कारण मोजणाऱ्याचा आवाज पडला तर सगळ्यांचा ठोसा पडतो.

मूठ वळायला मला तीन तास लागले, म्हणजे तीन दिवसांचे क्लास. आधी चार बोटांची पेरं घट्ट दुमडायची, मग ती तळहातात दाबायची, त्यावर बाहेरून अंगठा बसवायचा. तर्जनी आणि मध्यमा यांच्या बुडाची दोन हाडंच लागायला हवीत, मनगट सरळ. लहान मुलं हमखास अंगठा मुठीच्या आत घेतात. तसा ठोसा खरंच कुठे लागला तर अंगठा दुखावतो. सर प्रत्येकाची मूठ हातात घेऊन बघतात, रोज.

आणि मग ते प्रसिद्ध "नुसतं उभं करणं". झेनकुत्सु दाची म्हणजे पुढे वाकलेला पाय आणि मागे ताठ पाय. पुढचा गुडघा पावलाच्या वर यायला हवा, मागची टाच जमिनीला टेकलेली हवी, दोन पावलांत आडवं अंतर खांद्यांएवढं. हे वाचायला सोपं आहे. पण दहा पावलं चालून गेलं की मागची टाच उचलली जाते, पावलं एका रेषेत येतात आणि बाजूने कोणी बोट लावलं तरी तोल जातो. सर नेमकं तेच करतात, येऊन खांद्याला दोन बोटं लावतात. पहिल्या महिन्यात मी दर वेळी हलले. पाचव्या महिन्यात एकदा त्यांनी बोटं लावली आणि मी हलले नाही. ते काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले. घरी आल्यावर मी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

नव्या माणसाची खरी परीक्षा "मावाते" या एका शब्दात असते. मावाते म्हणजे वळा. आपण शेवटच्या रांगेत असतो, पुढच्याचं बघून पाय टाकत असतो, सगळं जमतंय असं वाटत असतं. "मावाते" म्हटलं की सगळा हॉल मागे वळतो आणि शेवटची रांग पहिली होते. समोर फक्त भिंत. कोणाचं बघायचं? त्या क्षणी कळतं की आपल्याला काय येतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी डावा हात पुढे करायचा की उजवा हेच विसरले होते. हे सगळ्यांचं होतं, मुलांना घरी आवर्जून सांगा.

काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली. आमच्याकडे पहिला ताइक्योकु शोदान, मग हेइयान शोदान. हेइयान शोदान एकवीस हालचालींचा आहे. क्रम पाठ व्हायला तीन आठवडे लागले, नीट करायला अजून लागताहेत. जोडीने करायचा सराव, कुमिते, पहिल्या वर्षात ठरवून दिलेला असतो. समोरचा सांगून मारतो, कुठे मारणार तेही सांगतो, आपण अडवायचं. मोकळी लढत आमच्याकडे हिरव्या बेल्टनंतर.

आता तुमचे अनुभव लिहा. काही विचारायचं असेल तर विचारा.


गव्हाळ | सोमवार, रात्री ११.०२

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही साताऱ्याला असतो, मुलगी सहा वर्षांची. मागच्या वर्षी एका क्लासला घातली होती. सहा महिन्यांत तीन बेल्ट झाले. दर वेळी परीक्षेची फी, बेल्टचे पैसे, सर्टिफिकेटचे पैसे, फ्रेमचे वेगळे. एकदा सहज घरी म्हटलं, बाळा, काय शिकलीस ते दाखव. तिने दोन ठोसे मारले आणि मग माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला पुढचं काही येत नव्हतं आणि ते तिलाही कळत होतं. तिचं ते तोंड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. क्लास बंद केला.

आता ती पुन्हा म्हणतेय की जायचं. तर माझे प्रश्न: सहा हे वय लवकर आहे का? बेल्ट किती दिवसांनी मिळाला तर बरोबर? आणि सगळा मिळून खर्च किती धरायचा?


पायवाट | सोमवार, रात्री ११.२०

गव्हाळ, वाचून वाईट वाटलं. खर्चाचं आमचं सांगते. महिना सातशे, दोघांचे मिळून तेराशे घेतात. पोशाख, म्हणजे गी, मुलाचा साडेसातशेला आणि माझा नऊशेला. पहिला महिना टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालली, सरांनीच सांगितलं होतं की मूल टिकतंय का बघा, मग घ्या. मुलाचा एक नंबर मोठा घ्या, बाह्या दुमडता येतात. आणि पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं. परीक्षेचे सहाशे, त्यात बेल्ट आणि सर्टिफिकेट आलं. पांढऱ्याचा पिवळा व्हायला आम्हाला पाच महिने लागले, पिवळ्याचा ऑरेंज व्हायला सहा.

हातातले ग्लोव्हज, नडगीचे पॅड, दातांचा गार्ड वगैरे अजून घ्यावं लागलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात कोणी सगळं किट गळ्यात मारत असेल तर थांबा.


शिवण | मंगळवार, सकाळी ६.४०

मी नाशिकला गेली बावीस वर्षं शिकवतो. पायवाट ताईंनी जे लिहिलं आहे ते मी दर जूनमध्ये पालकांना बसवून सांगतो, आता हा धागाच वाचायला देईन.

गव्हाळ, आधी बेल्टचं. काळा पट्टा मळत मळत काळा झाला, धुवायचा नसतो, अशी गोष्ट मुलांना सांगितली जाते. ती नुसती गोष्ट आहे. पट्ट्यांची पद्धत कराटेची नव्हतीच, ती जुदोतून आली. जुदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी क्यू (काळ्या पट्ट्याआधीच्या) आणि दान (काळ्या पट्ट्याच्या) या पायऱ्या रूढ केल्या. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाहून टोकियोत आलेले फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये तिथे कराटेचं प्रात्यक्षिक दिलं, आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. पांढरा पोशाखही जुदोवरूनच आला. पिवळा-हिरवा-निळा हे रंग आणखी नंतरचे, युरोपातल्या जुदो क्लबांतून आलेले. त्याआधी ओकिनावात लोक वर्षानुवर्षं शिकायचे आणि कमरेला काहीच नसायचं.

म्हणून बेल्ट वाईट असं मी म्हणत नाही. लहान मुलाला पुढचं पाऊल दिसायला लागतं. पण रंगांचा क्रम आणि मुदत प्रत्येक संघटनेची वेगळी असते. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या पायऱ्यांना चार ते सहा महिने लागावेत, तपकिरी पट्ट्याला त्याहून जास्त, आणि काळ्या पट्ट्याला, शोदानला, चार-पाच वर्षं नियमित गेली तर ती जलद गेली म्हणायची. कोणी दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देत असेल तर तिथून परत फिरा. आणि शोदान याचा अर्थ पहिली पायरी. क्यू वरून खाली मोजतात, दहापासून एकपर्यंत, आणि दान एकपासून वर. काळा पट्टा बांधल्यावर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

माझ्याकडे परीक्षेत मुलं नापास होतात. वर्षातून दोन-चार तरी. पालक नाराज होतात, एकदोघांनी क्लास सोडलाही. पण ज्या मुलाला मागची टाच टेकवता येत नाही त्याला मी पुढचा रंग दिला तर मी त्याला फसवलं. तुमच्या मुलीचं ते तोंड मी बावीस वर्षांत पुष्कळदा पाहिलंय, दुसरीकडून आलेल्या मुलांचं. मुलांना कळतं.

वयाचं म्हणाल तर सहाव्या वर्षी घाला, पण अपेक्षा वेगळी ठेवा. त्या वयात डावं-उजवं पक्कं व्हावं, "यामे" म्हटलं की थांबता यावं, पाळी येईपर्यंत उभं राहता यावं, एवढं पुरे. अशा मुलांचा तास पाऊण तासाचाच हवा आणि त्यातला अर्धा खेळातून जायला हवा. सव्वा तास रांगेत उभं करणारा क्लास सहा वर्षांच्या मुलीसाठी नाही.

"तेच तेच करून कंटाळतं" म्हणणाऱ्यांसाठी एक. हेइयान हे पाच काता मुळात पिनान नावाचे. ते इतोसु आंको यांनी शाळेच्या मुलांसाठी बांधले. १९०१ च्या सुमारास ओकिनावातल्या प्राथमिक शाळेत कराटे शिकवायला सुरुवात झाली ती त्यांच्यामुळे. जुने काता लांब आणि अवघड होते, म्हणून मुलांना झेपतील असे हे केले. फुनाकोशींनी पुढे त्यांचं नाव हेइयान ठेवलं आणि पहिल्या दोघांचा क्रमही बदलला. तुमचं मूल संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जे करतंय ते मुलांच्या अंगाचा विचार करूनच रचलेलं आहे.


निळी शाई | मंगळवार, दुपारी २.१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे कराटेची मुलं आणि मोठी माणसं दोन्ही येतात. तीन-चार गोष्टी सांगायलाच हव्यात.

गुडघा आत पडणं हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष. झेनकुत्सु दाचीत किंवा किबा दाचीत (घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात) गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेला हवा. दमल्यावर तो अंगठ्याच्या आत झुकतो आणि मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. दुखत असेल तर पवित्रा थोडा उंच घ्या, पण दिशा सोडू नका. सर रागावतील या भीतीने मुलं सांगत नाहीत, म्हणून घरी विचारा.

दुसरं, हवेत मारलेली लाथ. समोर काही नसताना पाय पूर्ण झटकून ताठ केला की सांध्याला हिसका बसतो. माए गेरीत, म्हणजे समोर मारायच्या लाथेत, गुडघा उचलणं आणि पाय परत ओढून घेणं हे दोन भाग आधी यायला हवेत. परत ओढणं शिकवत नसतील तर तक्रार करा.

तिसरं, आणि हे मी कळकळीने सांगते. वाढत्या वयातल्या मुलांना कौलं फोडायला लावणं, मुठींवर जोर काढायला लावणं, पोटावरून मोटरसायकल नेणं, हे सगळं स्नेहसंमेलनात टाळ्या मिळवण्यापुरतं आहे. मुलांची हाडं टोकाशी वाढत असतात, तिथली इजा वाढीवर परिणाम करू शकते. असं प्रात्यक्षिक ज्या क्लासच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असेल तिथे मी माझं मूल घालणार नाही.

चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी रक्तदाब, साखर, छातीत धडधड यांचं डॉक्टरांशी बोलून घ्यावं. वज्रासनात बसता येत नसेल तर मांडी घालून बसू द्या म्हणावं, चांगले शिक्षक हो म्हणतात. दमा असलेल्या मुलाचा पंप पिशवीत तळाशी ठेवू नका, सरांना दाखवून वरच ठेवा.


कोकणकडा | मंगळवार, रात्री ९.३०

माझा प्रश्न सरळ आहे. मुलगी चौदा वर्षांची, चिपळूणहून रत्नागिरीला शिकायला जायचं चाललंय. तिला स्वतःचं रक्षण करता यावं म्हणून कराटे लावायचंय. सहा महिन्यांत रस्त्यावर उपयोगी पडेल एवढं येईल का? आणि मुलगी असल्याने क्लासमध्ये काय बघून घ्यावं?


शिवण | मंगळवार, रात्री १०.२५

कोकणकडा, खोटा धीर देत नाही. सहा महिन्यांत मोठ्या, ताकदवान माणसाशी झुंजता येईल असं कोणीही सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. त्या खोट्या विश्वासानेच मुलगी थांबण्याची चूक करेल, जिथे पळायला हवं होतं.

सहा महिन्यांत काय येतं ते सांगतो. आवाज येतो. किआई म्हणजे पोटातून काढलेली ओरड. आपल्या मुलींना लहानपणापासून आवाज कमी ठेवायला शिकवलेलं असतं. माझ्याकडे नव्या मुली पहिला महिना तोंडातल्या तोंडात ओरडतात. ज्या दिवशी पहिल्यांदा खरी किआई निघते त्या दिवशी ती मुलगी स्वतःच दचकते. हात धरला तर तो कोणत्या बाजूने सुटतो, म्हणजे समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने, हे येतं. अंतर कळतं, कोणी किती जवळ आलं की मागे सरायचं ते. आणि कोणी अंगावर आलं की अंग थिजत नाही, निदान थोडं कमी थिजतं. याच्या जोडीला ११२ नंबर पाठ हवा आणि घरी काहीही सांगितलं तरी तिलाच बोलणी बसणार नाहीत याची तिला खात्री हवी. हे दुसरं आमच्या क्लासमध्ये शिकवता येत नाही.

काय बघायचं: दार उघडं असतं का, पालकांना बसून बघू देतात का, मोठ्या मुली आणि बायका शिकायला आहेत का. पवित्रा दुरुस्त करताना शिक्षक आधी सांगतात का, की खांदा धरतोय, पाय सरकवतोय. मी बहुतेक वेळा बांबूच्या छडीचं टोक लावून जागा दाखवतो. पालकांना आत बसू न देणाऱ्या क्लासला कारण विचारा आणि कारण पटलं नाही तर घालू नका.

आता एक गोष्ट, जी मी सगळ्या नव्या मुलांना सांगतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे होतं. ७ ऑगस्ट २०२१ ला निप्पॉन बुदोकानमध्ये पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची एक उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला अशी बसली की तो जागीच बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी हमेदीला बाद ठरवलं आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळालं. मुलं दरवेळी विचारतात, सर, जो पडला तो कसा जिंकला? कारण या नियमांत मान-डोक्याकडे गेलेल्या फटक्यावर ताबा हवा. ठोशाला एक, पोट-पाठीवरच्या लाथेला दोन, डोक्याकडच्या लाथेला तीन गुण, पण लाथ तिथे पोचवून थांबवायची. क्योकुशिनसारख्या पद्धतीत अंगावर पूर्ण जोराने मारतात, तिथले नियम निराळे. मात्र तुमच्या गल्लीतल्या बहुतेक क्लासमध्ये पहिल्या वर्षी मूल शिकतं ते थांबवायला. समोरच्याच्या नाकापासून चार बोटांवर मूठ थांबवायची तर आधी पाय पक्के रोवलेले लागतात. म्हणून ते "नुसतं उभं करणं".


पायवाट | मंगळवार, रात्री १०.५०

शिवण सर, हे मी घरी पाहिलं. मुलगा आणि त्याचा मामेभाऊ यांची दर सुट्टीत मारामारी व्हायची. या मे महिन्यात भाऊ अंगावर धावून आला तेव्हा ह्याने दोन्ही हात पुढे करून मोठ्याने "यामे!" म्हटलं. भाऊ थांबला. त्याला त्याचा अर्थही माहीत नव्हता.


पूर्वरंग | बुधवार, सकाळी ८.०५

टोकियोहून लिहितोय, निशी-कासाईला राहतो. इथे आपले पुष्कळ लोक आहेत. ऑफिस सुटल्यावर वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात मोठ्यांच्या क्लासला जातो, दुसरं वर्ष. भारतात कधी केलं नव्हतं, त्यामुळे तुलना करत नाही, इथलं सांगतो.

क्लास सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर सगळे मिळून जमीन पुसतात. ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबून, कंबर वर करून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचं. माझ्या शेजारी पुसणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत, चौथा दान. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातून फडकं घ्यायला गेलो, तर त्यांनी दुसरं फडकं माझ्या हातात दिलं.

क्लास संपताना दोजो-कुन, म्हणजे क्लासचे नियम, सगळे मिळून म्हणतात, पाच ओळी. प्रत्येक ओळीच्या आधी "हितोत्सु" म्हणतात, म्हणजे "एक". पाचही वेळा एकच. मला आधी वाटलं मोजायला चुकताहेत. मग त्या आजोबांनी सांगितलं की पाचातली कुठलीही दुसरी नाही, सगळ्या पहिल्याच.

ओकिनावाला सुट्टीत जाणार असाल तर नाहाजवळ तोमिगुसुकुला कराटे काइकान, म्हणजे कराटे भवन, आहे, २०१७ मध्ये उघडलेलं. तिथलं संग्रहालय मुलांना आवर्जून दाखवा. काताचं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारा कियुना र्‍यो ओकिनावाचाच.


गव्हाळ | बुधवार, दुपारी १.१५

सगळ्यांचे आभार. काल दोन क्लास बघून आले. एका ठिकाणी बसू दिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी एक ताई शिकवतात, लहान मुलांचा वेगळा तास आहे, पाऊण तासाचा. मुलीने त्यांना आधीच सांगून टाकलं, माझ्याकडे ऑरेंज बेल्ट आहे पण मला येत नाही. ताई म्हणाल्या, मग पांढऱ्यापासून करूया का? ती लगेच हो म्हणाली. तीन बेल्ट घरी कपाटात ठेवलेत, पांढरा नवीन घेतला.

एक विचारायचं राहिलं: स्पर्धांचं काय? दहावीला खेळाचे गुण मिळतात म्हणतात, तिथल्या एका पालकांनी लगेच सांगितलं.


शिवण | बुधवार, संध्याकाळी ५.३०

गव्हाळ, मुलगी हुशार आहे तुमची. तिच्या नव्या ताईही.

स्पर्धांची घाई पहिल्या वर्षी नको. गावोगावी "राष्ट्रीय", "आंतरराष्ट्रीय" नावाच्या खुल्या स्पर्धा होतात, फी भरली की प्रवेश आणि गटात चारच मुलं. तिथलं मेडल मुलाच्या आनंदापुरतं. गुणांसाठी किंवा नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं धरतात आणि त्यांचीही पडताळणी होते. शालेय स्पर्धांत कराटे आहे, त्या शाळेमार्फत खेळायच्या. कोणी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं तर फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू नियम विचारा. नियम बदलत असतात, ऐकीव माहितीवर जाऊ नका.


उंबरठा | बुधवार, रात्री ८.४५

मी बावन्न वर्षांची. नातीला सोडायला जाते आणि पायवाट ताईंसारखीच पायरीवर बसते. महिनाभर विचार करतेय. सगळी मुलं दहा-बारा वर्षांची, त्यांच्यात मी उभी राहिले तर कसं दिसेल? साडी नेसून तर जमणार नाही, सलवार चालेल का? साखर आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात आहे.


पायवाट | बुधवार, रात्री ९.१०

उंबरठा ताई, सलवार चालेल, फक्त घोट्याशी अडकणार नाही एवढी वर हवी. ओढणी नको. बांगड्या, चेन, अंगठी काढून जा. नखं कापा, हाताची आणि पायाचीही. जाण्याआधी दीड-दोन तास भरपेट काही नको, पण साखर आहे तर अगदी रिकाम्या पोटीही नको, डॉक्टरांना विचारून काय खायचं ते ठरवा. पिशवीत दोन खजूर किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवा आणि सरांना सांगून ठेवा.

कसं दिसेल म्हणाल, तर पहिल्या दिवशी मुलं बघतात. दुसऱ्या दिवशी त्यांचे स्वतःचे पाय चुकत असतात, त्यांना वेळ नसतो. बेल्टमध्ये तुमची नात तुमच्या पुढे असेल, रांगेत तिच्या मागे उभं राहावं लागेल. माझ्या पुढे आठ वर्षांची मुलं होती. त्यांचं बघूनच मी शिकले.


निळी शाई | बुधवार, रात्री ९.४०

ताई, जा. साखर असल्याने तळपाय रोज बघा, बोटांच्या बेचक्याही. अनवाणी असता, लहान जखम कळत नाही. पायात बधिरपणा असेल तर आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा, मग सुरू करा.


उंबरठा | शनिवार, रात्री ७.५५

काल गेले. बधिरपणा नाही, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं.

सेइझात बसले नाही, मांडी घातली, सरांनीच सुचवलं. मूठ दोनदा सुधारून घेतली. वीस मिनिटं एकच ठोसा, मग पुढे चालत तोच ठोसा. मला जमतंय असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात "मावाते". वळले तर समोर भिंत. मला हे तुम्ही आधी सांगितलं होतं तरी काळजात धस्स झालं. हात वर तसाच राहिला. मागून नात हळूच म्हणाली, "आजी, डावा पाय." टाकला.

उजव्या पावलाला अंगठ्याच्या खालची कातडी थोडी सोलली आहे, वळताना घासली असणार, आमच्या हॉलला कोबा आहे. सोमवारी परत जायचंय. काय लावू?


निळी शाई | शनिवार, रात्री ८.२०

सोललेली कातडी ओढून काढू नका. साबण-पाण्याने धुवा, कोरडं करा, जंतुनाशक मलम लावून पट्टी बांधा आणि रोज उजेडात बघा. लाल झालं, सूज आली किंवा पाणी आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोमवारी कातडी मिटलेली नसेल तर जाऊ नका, बुधवारी जा. भरल्यावर तिथे कागदी चिकटपट्टी लावून जा. आणि वळताना पूर्ण पावलावर नको, वजन हलकं करून वळायचं, ते सरांना पुन्हा दाखवायला सांगा.


उंबरठा | शनिवार, रात्री ८.३१

बरं. मग बुधवारीच जाते. सोमवारी पायरीवर बसून वळणं बघेन.